वारशाने आलेली राजकीय मतं मोठेपणी तपासताना

जेवता जेवता वडील नेहमीचं वाक्य बोलतात आणि इतकी वर्षं आपोआप हलणारी मान या खेपेस हलत नाही. बहुतेकांची सुरुवात अशीच होते. वाद झालेला नसतो, कुणाचं भाषण ऐकलेलं नसतं, फक्त एक वाक्य घशात अडकतं. पुढच्या काही आठवड्यांत अशी आणखी चार-पाच वाक्यं अडकतात आणि मग प्रश्न पडतो की इतकी वर्षं जे मानत आलो ते आपलं की घराचं?

परंपरावादी घरात वाढलेल्या आणि आता या वळणावर आलेल्या माणसांसाठी हे लिहिलं आहे. मतं कोणती असावीत हे यात सापडणार नाही. तपासणी कशी करायची, तिला किती वेळ लागतो, ती कुठे फसते आणि घरच्यांशी कसं बोलायचं, एवढंच आहे. तपासणीनंतर काही मतं बदलतील, काही जशीच्या तशी राहतील. राहिलेली मतंही त्यानंतर तुमची स्वतःची असतील, आणि तेवढ्यासाठी हा खटाटोप करण्यासारखा आहे.

आधी एक पथ्य. पहिले सहा महिने काहीही जाहीर करू नका. फेसबुकवर नको, मित्रांच्या बैठकीत नको, घरात तर नकोच. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडलेला सिद्धांत इथे कामाला येतो. माणूस एखादी भूमिका घेऊन बसला की तिच्याशी न जुळणारी माहिती त्याला टोचते, आणि ही टोचणी घालवण्यासाठी तो बऱ्याचदा भूमिका सोडत नाही, माहितीच झटकून टाकतो. भूमिका चारचौघांत घेतलेली असली तर माघार आणखी अवघड. जुन्या मतांच्या बाबतीत तुमचं हेच होत आलं. नवं मत घाईने बोलून दाखवलंत तर त्याच्या बाबतीतही तेच होईल.

गाठोडं सोडा

घरातून मतं सुटी मिळत नाहीत, गाठोड्याने मिळतात. कर कमी असावेत, गुन्हेगाराला जरब बसली पाहिजे, कुटुंबाच्या कामात सरकारने पडू नये, बाहेरून येणाऱ्यांवर बंधनं हवीत, लग्नाच्या रीतीत ढवळाढवळ नको. ही पाच वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून ऐकलेली असतात, म्हणून एका माळेतली वाटतात. खरं तर कराचा दर आणि लग्नाची रीत यांना जोडणारा तर्काचा धागा फार बारीक आहे. तरी एकाबद्दल शंका आली की पाचही डळमळतात, आणि माणूस घाबरून पाचही घट्ट धरतो किंवा वैतागून पाचही फेकतो. दोन्ही वेळा तपासणी होतच नाही.

शंभर पानी वही घ्या. फोनवर लिहू नका. फोनवर लिहिलेलं आपण पुसतो, आणि असं मत आपलं कधी होतं हेच महिन्याभरात विसरतो. वहीत खोडाखोड दिसत राहते. पहिल्या दिवशी तासभर बसून पंधरा ते वीस वाक्यं लिहा, आणि ती घरात बोलली जातात त्याच शब्दांत लिहा. ‘शिक्षेचं धोरण कठोर असावं’ असं सभ्य भाषांतर करू नका. ‘एकाला लटकवला की बाकीचे सुतासारखे सरळ येतील’ असं ऐकलं असेल तर तेच उतरवा. त्या शब्दांना जो राग किंवा जी भीती चिकटलेली आहे, ती पुस्तकी शब्दांत येत नाही आणि मग तपासायची राहून जाते.

या वीसातली सहा निवडा. सगळ्यात दुखरं वाक्य पहिल्यांदा घेऊ नका. मधलं घ्या, ज्याने झोप उडणार नाही असं. पद्धत हाताला बसली की अवघड विषयांकडे वळता येतं. एका वाक्याला पाऊण तासाच्या तीन बैठका लागतात, आणि दोन बैठकांमध्ये निदान दोन दिवस जाऊ द्या. या वेगाने महिन्याला एक वाक्य नीट होतं. हा वेग कमी नाही.

प्रत्येक वाक्याला वहीची समोरासमोरची दोन पानं द्या. डावं पान पहिल्या बैठकीत भरायचं. एक पान असं दिसेल:

वाक्य: खुन्याला फाशीच हवी, नाहीतर धाक राहणार नाही.
कुणाकडून: आजोबा, बातम्या ऐकताना. तेव्हा वय नऊ-दहा.
मूल्य: गेलेल्या जिवाची किंमत मोजली गेली पाहिजे.
दावा: फाशी असली की खून कमी होतात.
उपाय: कायद्यात फाशी ठेवायची.
मत सोडलं तर कोण दुखावेल: मोठा भाऊ.
खात्री: शंभरात ८०.

मूल्य, दावा आणि उपाय वेगळे काढणं हे या सगळ्यातलं मुख्य काम आहे. मूल्य पुराव्याने खोटं ठरत नाही. दावा ठरू शकतो. उपाय हा दोन्हींच्या मधला पूल असतो, आणि तो बहुधा दाव्याच्या खांबावर उभा असतो. घरातल्या वाक्यात हे तिन्ही एकजीव झालेले असतात. त्यामुळे दाव्यावर बोट ठेवलं की मूल्यावर हल्ला झाल्यासारखं वाटतं, समोरच्याला आणि आपल्यालाही.

आता उजवं पान, दुसऱ्या बैठकीत. इथे फक्त दाव्याबद्दल जे सापडेल ते. फाशीच्या बाबतीत असं काही सापडेल: अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला आणि म्हटलं की फाशीमुळे खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यातलं काहीही या अभ्यासांवरून सांगता येत नाही. धोरण ठरवताना ते वापरू नयेत, असंही सांगितलं. कॅनडाने १९७६ साली खुनासाठीची फाशी रद्द केली आणि पुढच्या दशकांत तिथलं खुनांचं प्रमाण घटलं. इथे लगेच शेजारी लिहा: ‘यावरून फाशी निरुपयोगी हे सिद्ध होत नाही, प्रमाण घटायला दुसरी कारणं असू शकतात.’ ब्रिटनमध्ये टिमोथी एव्हन्स या माणसाला १९५० साली फाशी दिली. त्याच घरात राहणारा दुसरा माणूस अनेक खुनांचा गुन्हेगार असल्याचं नंतर उघड झालं, आणि १९६६ साली एव्हन्सला मरणोत्तर माफी मिळाली.

तिसऱ्या बैठकीत निकाल लिहायचा. मूल्य: तसंच. दावा: खात्री ८० वरून ४०, कारण पुरावा कुठल्याच बाजूने पक्का नाही. उपाय: नवा प्रश्न उभा राहिला, चुकीने दिलेली शिक्षा परत घेता येत नसेल तर ती द्यावी का? खात्री ५०.

हे सगळं वाचूनही कुणी फाशीच्या बाजूने राहू शकतो. किंमत मोजली गेलीच पाहिजे, बाकी परिणाम काहीही होवो, असं त्याला वाटत असेल तर ती प्रामाणिक भूमिका आहे. पण मग ‘धाक’ हा शब्द त्याने आपल्या वाक्यातून काढायला हवा. एवढा एक शब्द निघाला तरी त्या पानाचं काम झालं.

मूल्यांच्या रकान्यात बरेच जण अडकतात, म्हणून थोडी मदत. जेसी ग्रॅहम, जोनाथन हाइट आणि ब्रायन नोसेक यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैतिकतेचे पाच पाये धरले होते: इतरांची काळजी, न्याय, आपल्या गटाशी निष्ठा, अधिकाराचा मान आणि पावित्र्य. उदारमतवादी लोक पहिल्या दोनांवर जास्त भर देतात, परंपरावादी लोक पाचांनाही साधारण सारखं वजन देतात, असं त्यांना दिसलं. तुमच्या वाक्यामागे यातलं काय आहे ते पाहा. निष्ठा किंवा मान निघाला तर लाजू नका. मत बदललं म्हणून निष्ठेची किंमत वाटणं थांबायला हवं असं कुठेही नाही. निष्ठा कुणाशी, एवढं फक्त पुन्हा ठरवावं लागतं.

आकडे वाचताना

दाव्याचा पुरावा शोधायला गेलं की आकडे समोर येतात, आणि नवखा माणूस पहिल्या आकड्यावरच घसरतो. प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारा. ही नुसती संख्या आहे की लोकसंख्येशी काढलेलं प्रमाण? तुलना कुठल्या वर्षाशी केली आहे, आणि तेच वर्ष का निवडलं? मधल्या काळात व्याख्या किंवा नोंदणीची पद्धत बदलली का? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त फसवतो. एखाद्या गुन्ह्याच्या नोंदी दुप्पट झाल्या तर गुन्हे वाढले असतील, किंवा लोक तक्रार द्यायला पुढे येऊ लागले असतील, किंवा कायद्याने व्याख्या रुंद केली असेल. बातमीत तिन्हींचा मथळा एकच येतो.

शक्य तिथे मूळ कागद उघडा. कायद्याचं कलम, अर्थसंकल्पाचा तक्ता, जनगणना, न्यायालयाचा निकाल. निकालपत्र लांबलचक असलं तरी शेवटची काही पानं वाचली की बातमीने काय गाळलं ते बऱ्याचदा कळतं.

चुकतं कुठे, ते १९७९ सालच्या स्टॅनफर्डमधल्या एका प्रयोगात छान दिसतं. चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी ४८ विद्यार्थी घेतले, निम्मे फाशीच्या बाजूचे, निम्मे विरोधातले. सगळ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले, एक फाशीच्या बाजूने जाणारा, एक विरोधात. दोन्ही रचलेले होते. संमिश्र पुरावा वाचून दोन्ही गट थोडे जवळ यावेत, तर उलट ते आणखी लांब गेले. आपल्या बाजूचा अभ्यास प्रत्येकाला भक्कम वाटला, दुसऱ्यात त्रुटी सापडल्या.

यावरचा उतारा १९८४ साली लॉर्ड, लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांच्या पुढच्या प्रयोगात सापडला. ‘निःपक्षपाती राहा’ असं सांगून काही उपयोग झाला नाही. ज्यांना ‘हाच अभ्यास, हीच पद्धत, पण निष्कर्ष उलटा निघाला असता तर तुम्ही त्याला असंच जोखलं असतं का?’ हे स्वतःला विचारायला सांगितलं, त्यांचा झुकाव कमी झाला. हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. नव्या मताचा पुरावा वाचताना तो दुप्पट लागतो, कारण नवी बाजू अजून ताजी आणि हवीहवीशी असते.

आणखी एक व्यायाम, वीस मिनिटांचा. ज्या धोरणाबद्दल ठाम वाटतं ते प्रत्यक्षात कसं चालेल हे पायरीपायरीने लिहा. निवृत्तीचं वय वाढवायचं असेल तर पहिल्या वर्षी कुणाचं काय होईल, पैसा कुठून कुठे जाईल, काम न झेपणाऱ्या माणसाचं काय? हे ‘का’ नाही, ‘कसं’ आहे. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ साली दाखवलं की माणसाला कपड्याची चेन किंवा शौचालयाची फ्लशची टाकी कशी चालते हे समजतं असं वाटतं, पण सांगायला बसवलं की तो स्वतःलाच कमी गुण देतो. पुढे २०१३ साली फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी तेच राजकीय धोरणांवर करून पाहिलं. समजुतीचा फुगा फुटतो हे नंतरच्या प्रयोगांतही टिकलं. त्यामुळे मतं मवाळ होतात हा त्यांचा दुसरा निष्कर्ष मात्र पुन्हा करून पाहताना टिकला नाही. म्हणून या व्यायामाने मत बदलेल अशी अपेक्षा धरू नका. कुठे आपल्याला काहीच माहीत नाही ते कळतं, आणि पुढचं वाचन तिथून सुरू करता येतं.

संगत

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात आणि त्यांना ते कळतही नाही.

अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यात बेनिंग्टन कॉलेज आहे. १९३० च्या दशकात तिथे बहुतेक सधन, परंपरावादी घरांतल्या मुली शिकायला यायच्या आणि शिकवणारे बहुतेक उदारमतवादी होते. थिओडोर न्यूकम या समाजमानसशास्त्रज्ञाने तिथे काही वर्षं मुलींच्या मतांचा माग ठेवला. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या ६२ टक्के मुली परंपरावादी मानल्या जाणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार लँडन यांच्या बाजूने होत्या. शेवटच्या दोन वर्षांच्या मुलींमध्ये हे प्रमाण अवघं १५ टक्के होतं. १९६० च्या दशकात न्यूकम पुन्हा त्या स्त्रियांकडे गेला. बहुतेकींची बदललेली मतं टिकून होती. ज्यांचे नवरे आणि मैत्रिणी त्याच मतांचे होते त्यांची विशेष करून.

हा अभ्यास लोक मोठ्या आशेने सांगतात: बघा, माणूस बदलतो आणि बदललेला राहतो. खरं आहे. पण त्यातला दुसरा अर्थही तितकाच खरा आहे. घरी असताना त्या घरच्यांसारख्या होत्या, कॉलेजात कॉलेजसारख्या झाल्या. न्यूकमचंच निरीक्षण आहे की कॉलेजच्या जीवनात मिसळून गेलेल्या, तिथे मान मिळवणाऱ्या मुली जास्त बदलल्या. मग यातलं किती विचाराने झालं आणि किती संगतीने? ज्याला स्वतःची मतं खरोखर स्वतःची हवीत, त्याने हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

म्हणून नव्या वर्तुळात शिरताना काही गोष्टी पाहा. तिथे ‘मला याबद्दल अजून नक्की वाटत नाही’ असं म्हणता येतं का? एकदा म्हणून बघा. उत्तरादाखल माहिती मिळाली तर जागा चांगली. भुवया उंचावल्या, किंवा ‘म्हणजे तू अजून त्यांच्यातलाच’ असं ऐकू आलं, तर तुम्ही एका घरातून निघून दुसऱ्या घरात आला आहात. तिथेही गाठोडंच मिळतं, फक्त कापड वेगळं. सहा महिन्यांत वीसच्या वीस मतं उलटली असतील तर हीच खूण समजा. प्रामाणिक तपासणीत सगळं एकाच दिशेने पडत नाही.

सॉलोमन ॲश यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेला रेघांचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. रेघांची लांबी जुळवायची, इतकं सोपं काम, पण बाकी सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देत होते. साधारण एक तृतीयांश वेळा माणसं गटामागे जाऊन चूक बोलली. याच मालिकेतली कमी सांगितली जाणारी गोष्ट कामाची आहे. खोलीत एकच जण खरं उत्तर देणारा ठेवला की गटामागे जाणं जवळपास पाव इतकं उरलं. तुम्हालाही असा एक माणूस शोधायचा आहे. तुमच्या नव्या मताचा असायला हवा असं नाही. तुमच्याशी सहमत नसतानाही तुम्हाला नीट विचार करू देणारा हवा. आठवड्यातून एकदा तासभर त्याच्याशी बोला आणि वहीतलं चालू पान दाखवा.

मोबाइलबद्दल थोडक्यात. नव्या बाजूचे चार-पाच व्हिडिओ पूर्ण पाहिले की तुमच्यासमोर तेच यायला लागतं आणि जग बदलल्यासारखं वाटतं. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करा. तपासणीच्या काळात राजकीय व्हिडिओंना पुरावा म्हणून वहीत जागा देऊ नका. रोज अर्धा तास वाचन, विरुद्ध धोरणांची दोन वर्तमानपत्रं, आणि प्रत्येक बाजूचा सगळ्यात चांगला लेखक. ओरडणारा नको, शांतपणे मांडणारा. जुन्या बाजूचाही. घरात तुम्ही परंपरावादाचं बोलीतलं रूप ऐकलं आहे. ब्रिटिश राजकारणी आणि विचारवंत एडमंड बर्क यांच्यासारख्यांनी १७९० च्या सुमारास मांडलेला युक्तिवाद, की पिढ्यांनी घासूनपुसून टिकवलेल्या संस्था एका पिढीने आपल्या अकलेवर मोडू नयेत, हा घरातल्या वाक्यांपेक्षा कितीतरी दमदार आहे. तो नीट न ऐकता सोडलेलं मत पुढे कधीतरी मागून येऊन गाठतं.

पक्कं झालं की नाही हे पाहायला एक कसोटी आहे. जुनं मत एका पानात असं लिहा की ते मानणाऱ्या माणसाने वाचून ‘हे आमच्यातल्याच कुणी लिहिलंय’ असं म्हणावं. अर्थतज्ज्ञ ब्रायन कॅप्लन यांनी २०११ साली या कल्पनेला नाव दिलं. पान लिहिताना दर तीन ओळींना टोमणा येत असेल तर अजून राग निवळलेला नाही, आणि रागाच्या भरात घेतलेला निर्णय तपासलेला नसतो.

घरात बोलणं

आधी सुरक्षितता. फी, घरखर्च किंवा डोक्यावरचं छप्पर घरच्यांच्या हातात असेल आणि घरात मतभेदाची किंमत मोजावी लागत असेल, तर गप्प राहणं हा भित्रेपणा नाही. बोलण्याची वेळ तुम्ही ठरवा. मतदान गुप्त असतं ते याचसाठी. छापील मतपत्रिकेवर गुप्त मतदानाची पद्धत १८५६ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी आणली, ती मालक, जमीनदार यांच्या नजरेपासून मतदाराला वाचवायला. घरातल्या नजरेलाही तीच भिंत लागू आहे. ‘मत कुणाला दिलंस?’ याला ‘ते सांगायचं नसतं ना’ हे पूर्ण उत्तर आहे. खोटं बोलायची गरज नाही.

जोडीदार असेल तर त्याला किंवा तिला सगळ्यात आधी सांगा. वही दाखवायच्या त्या एका माणसाप्रमाणे सहा महिन्यांच्या पथ्याला हाही अपवाद ठेवा. ही गोष्ट त्यांना दुसऱ्याकडून कळली तर मतभेदापेक्षा लपवाछपवीच जास्त लागते.

आई-वडिलांशी बोलायचं तर एका वेळी एकाशी, एकच विषय, फार तर वीस मिनिटं. सणासुदीला, पाहुण्यांसमोर, निवडणुकीच्या आठवड्यात नको. तुम्ही ज्यावर तीन बैठका घेतल्या आहेत तोच विषय काढा. बोलणं साधारण असं जाईल:

‘बाबा, फाशीबद्दल माझं मत आता वेगळं झालंय. सांगू, की नंतर बोलू?’

‘म्हणजे आम्ही इतकी वर्षं शिकवलं ते चूक?’

‘नाही. गेलेल्या जिवाची किंमत मोजली गेली पाहिजे, हे मी या घरातच शिकलो. ते तसंच आहे. फाशीने खून कमी होतात, एवढं मला आता पटत नाही.’

‘वाचून वाचून डोकं फिरलंय तुझं.’

‘तुमचं कारण मी कधी नीट विचारलंच नाही, बाबा. तुम्हाला पहिल्यांदा असं कधी वाटलं?’

यात तीन गोष्टी केल्या आहेत. परवानगी विचारली. मूल्य त्यांचंच आहे हे आधी सांगितलं, कारण ‘आमच्या संस्कारात काय कमी पडलं?’ ही आई-वडिलांची खरी जखम असते आणि तिच्यावर आधी हात ठेवावा लागतो. आणि टोमण्याला उत्तर न देता त्यांचा अनुभव विचारला. कदाचित एखादी जुनी घटना निघेल, कुणा ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलेली, जी तुम्हाला माहीतच नव्हती. ती ऐका. त्या दिवशी आकडे काढू नका.

या पद्धतीचा उपयोग मोजला गेला आहे. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या मायामीतल्या प्रयोगात स्वयंसेवक दारोदार जाऊन तृतीयपंथीयांविषयीच्या पूर्वग्रहावर साधारण दहा मिनिटं बोलले. आरोप न करता, समोरच्याला स्वतःचा वेगळेपणाचा अनुभव आठवायला लावून. तीन महिन्यांनीही त्याचा परिणाम दिसत होता. तरी हे आई-वडिलांचं मत फिरवायचं साधन म्हणून वापरू नका. त्यांना ते लगेच कळतं. त्यांचं ऐकायचं ते ऐकण्यासाठीच.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही सिद्ध करायला जाऊ नका. चारचौघांत खोडलेला माणूस मागे हटत नाही. एखादा निरोप धडधडीत खोटा असेल आणि त्याने कुणाला इजा होऊ शकत असेल, तर पाठवणाऱ्याला खासगीत फोन करा. बाकी सोडून द्या.

‘ही गद्दारी आहे’ असं कुणी म्हणेल, कधी तुमचं तुम्हालाच वाटेल. १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या १८ व्या कलमात धर्म किंवा श्रद्धा बदलण्याचं स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत लिहिलं आहे. बाळगण्याचं आणि बदलण्याचंही. अपराधी वाटणं यामुळे एका दिवसात जात नाही, पण त्याला उत्तर देताना हे हाताशी असू द्या. आणि रागाचंही तसंच. ‘यांनी मला फसवलं’ असं वाटायचा एक काळ येतो, दोन-तीन महिन्यांचा किंवा जास्त. त्या काळात लांबलचक पत्रं लिहा आणि वहीतच ठेवा. घरच्यांनी बहुधा त्यांना मिळालं तेच पुढे दिलं, तपासायची सवड किंवा सोय त्यांना कदाचित नव्हती.

मतदान आणि पक्ष

मत बदललं म्हणजे पक्ष बदललाच असं नाही. निवडणूक आली की वहीतले तुमचे तीन सर्वांत महत्त्वाचे विषय घ्या आणि प्रत्येक जाहीरनाम्यात फक्त तेवढेच शोधा. वचनापुढे पैसा कुठून येणार हे लिहिलं आहे का? मागच्या खेपेस सभागृहात त्यांनी या विषयावर मतदान कसं केलं? शिवाय हा विषय त्या सभागृहाच्या हातात आहे का? स्थानिक संस्थेची निवडणूक परराष्ट्र धोरणावर लढणारा उमेदवार तुमच्या जुन्या किंवा नव्या भावनेला हात घालत असतो.

पक्षाचे सभासद असाल तर राजीनामा दोन ओळींचा द्या, कारणांची यादी जोडू नका. पुढचं एक वर्ष दुसऱ्या कुठल्या पक्षाचं सभासदत्व घेऊ नका. घोषणा देणं, पत्रकं वाटणं यात माणूस पुन्हा भूमिकेला बांधला जातो आणि वही बंद पडते. काही करावंसं वाटलं तर एका विषयावर काम करणाऱ्या संस्थेत महिन्यातून चार-सहा तास द्या. प्रत्यक्ष काम पाहिलं की धोरणाचे बारकावे कळतात, ते वाचून कळत नाहीत.

वेगाबद्दल अधीर होऊ नका. विल्यम ग्लॅडस्टन १८३२ साली, बाविशीत, कट्टर टोरी (परंपरावादी पक्षाचे) म्हणून ब्रिटिश संसदेत निवडून आले. वडिलांच्या मालकीचे गुलामांवर चालणारे मळे होते आणि सुरुवातीच्या भाषणांत त्यांनी मळेवाल्यांची बाजू घेतली. लिबरलांच्या (उदारमतवादी पक्षाच्या) सरकारात ते गेले १८५९ साली. मधे सत्तावीस वर्षं. त्यात आधी व्यापारावरची मतं बदलली, मग बाकीची एकेक करून, आणि धर्मनिष्ठा शेवटपर्यंत तशीच राहिली. पुढे ते चार वेळा पंतप्रधान झाले, आणि १८८४ साली मताधिकार खेड्यातल्या मजुरांपर्यंत नेणारा कायदा त्यांच्याच सरकारने केला.

बारा महिने झाले की सहाही पानं पुन्हा उघडा, या वेळी वेगळ्या शाईचं पेन घेऊन. जुना आकडा न खोडता शेजारी आजची खात्री लिहा. जिथे आकडा वर्षभरात दोनदा इकडचा तिकडे झाला असेल, त्या पानावर मधल्या काळात तुम्ही कुणाबरोबर जास्त होता ते नोंदवा. जिथे आजोबांचं वाक्य तसंच्या तसं उरलं असेल तिथे ‘कुणाकडून’ या ओळीपुढे आजची तारीख घाला आणि स्वतःचं नाव लिहा. मग उरलेल्या चौदा वाक्यांतलं पुढचं घ्या. आता दुखरं घेतलं तरी चालेल.